न सुटणारं बूच

"बाटलीत तिसऱ्या हिश्शाएवढं पाणी भरायचं, तोंडाला बूच मारायचं, बाटली उलटी करायची आणि बुचातून पंपाने हवा कोंडत राहायचं. बूच सुटेपर्यंत," दुर्गाने समजावून सांगितलं, आणि दत्ताराम धुरी बसल्या जागी बाटलीपासून वीतभर मागे सरकला.

"सुटेपर्यंत म्हणजे किती वेळ?" त्याने जमेल तितक्या सहज आवाजात विचारलं.

"ते नाय सांगता येत, बाबा. आतला दाब बुचाला झेपेनासा झाला की सुटतं. फाट्कन."

"आणि पंप मारणारा माणूस कुठं उभा असतो?"

"तिथंच. पंपाची नळी एवढीशीच तर आहे."

रविवारची सकाळ होती. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत एका बाजूला सुभद्रा डब्यांसाठी पोळ्या लाटत होती आणि दुसऱ्या बाजूला बापलेक जमिनीवर पसारा मांडून बसली होती. दुर्गा नववीत. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात ती पाण्यावर उडणारं रॉकेट ठेवणार होती. तळमजल्यावरच्या कुणाच्या तरी साखरपुड्यात उरलेली थंड पेयाची मोठी प्लास्टिकची बाटली तिने मागून आणली होती. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून तिला तीन पंख चिकटवले होते. शेंड्याला अर्धा कापलेला रबरी चेंडू, आणि चेंडूत मातीचा गोळा, कारण नाक जड असलं की रॉकेट कोलांट्या मारत नाही. पाणी खाली जोरात फेकलं जातं म्हणून बाटली तेवढ्याच जोरात वर जाते, हा गतीचा तिसरा नियम तिने बापाला फुगा सोडून दाखवून शिकवला होता. फुगा सुभद्राच्या पिठात जाऊन पडला, तेव्हाही सगळ्यात आधी दचकला तो दत्तारामच.

दत्ताराम भित्रा होता. चाळीत हे कुणाला सांगितलं असतं तर लोकांनी सांगणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं, पण खरं होतं ते हे. पालीला तो भ्यायचा, लिफ्टला भ्यायचा, दारावर अनोळखी थाप पडली तरी भ्यायचा. आणि या सगळ्यांहून जास्त भ्यायचा तो कोंडलेल्या हवेला. गिरणीत तो फिटर होता. दाबाच्या हवेचे पाइप त्याच्याकडे असत. पहिल्याच दिवशी त्याच्या मिस्त्रीने त्याला सांगितलं होतं, "दत्ताराम, दाबलेल्या हवेला आईबाप नसतात." त्या दिवसापासून दत्तारामने बांधलेला एकही जोड कधी सुटला नाही. इतर फिटर जोडावर सूत चार वेढे गुंडाळत, हा भीतीपोटी दहा गुंडाळायचा. वर फटी बुजवणाऱ्या सफेद्याचा लेप द्यायचा, पान्याने आवळायचा आणि मग देवाचं नाव घेऊन पुन्हा एकदा आवळायचा. लोक त्या भीतीला हातोटी समजले. गिरणी बंद पडल्यावरही चाळीतले नळ, मोऱ्या, टाक्या त्याच्याकडेच येत राहिल्या. 'दत्तारामचा जोड जन्मात गळायचा नाही,' ही म्हणच पडली होती.

त्यात ती संपातली गोष्ट. गेटवर लाठी चालली तेव्हा सगळे पळाले आणि एकटा दत्ताराम धुरी छाती काढून उभा राहिला, असं सगळं गिरणगाव सांगत होतं. उभा राहिला हे खरं. पण त्याची विजार मागच्या बाजूने काटेरी तारेत अडकली होती, हे त्याने आजतागायत कुणाला सांगितलं नव्हतं. दुर्गा तेव्हा रांगत होती. तीच गोष्ट ऐकत ती मोठी झाली, आणि पाचवीत 'माझे वडील' या निबंधात तिने लिहिलं, 'माझे बाबा जगात कुणालाही घाबरत नाहीत.' बाईंनी निबंध वर्गात वाचून दाखवला होता.

संप झाला, गिरणी गेली, हजेरीचा भोंगा गेला. घर सुभद्राच्या पोळीभाजीच्या डब्यांवर चालू लागलं. त्याबद्दल सुभद्राने कधी एक शब्द काढला नाही, पण दत्तारामला ते रोज जेवताना आठवायचं. लेकीच्या लेखी आपली किंमत म्हणून त्याच्यापाशी आता ते एकच वाक्य उरलं होतं. ते खोटं आहे हे तिला कळलं तर मग आपल्यात बाप म्हणून काय शिल्लक राहतं, हे त्याला खरोखरच माहीत नव्हतं. म्हणूनच "बाबा, पंप तुम्हीच मारायचा" असं दुर्गा म्हणाली, तेव्हा त्याने ताबडतोब "अर्थात!" असं म्हणून टाकलं होतं आणि नंतर मोरीत जाऊन चूळ भरली होती.

दुर्गा सायकलचा पंप मागायला खाली निघाली. दारातून वळून तिने बजावलं, "बूच घट्ट बसवून ठेवा, पण लई घट्ट नको हं, बाबा. सर म्हणाले, सगळा खेळ त्या बुचाचाच आहे."

यातलं 'घट्ट बसवून ठेवा' एवढंच दत्तारामच्या भीतीने ऐकलं. त्याने बाटलीत मापाने पाणी भरलं आणि रबरी बूच हातात घेतलं. मधोमध सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह पक्का बसवलेला होता. हवा आत जाईल, पण आतली बाहेर येणार नाही. बुचाकडे बघता बघता त्याच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं: आपण पंपाचा पहिला दट्ट्या मारतो, बूच तिथल्या तिथे सुटतं आणि रॉकेट आपल्या हनुवटीतून वर निघून जातं. बूच जरासं जास्त टिकलं तर? पाच-दहा दट्टे मारून होतील, मग 'दुर्गे, जरा पाणी पिऊन येतो' म्हणून आपण बाजूला होऊ, आणि मग सुटायचं तेव्हा सुटू दे.

त्याने फळीवरून सुताचा गुंडा काढला आणि सफेद्याची डबी उघडली.

"अहो, ह्या काय करताय?" सुभद्राने लाटणं थांबवून विचारलं.

"गळायला नको," दत्ताराम म्हणाला. त्याचा हात एकदा सूत गुंडाळू लागला की थांबायचं त्याच्या हाती नसे. वीस वर्षांची सवय होती. त्याने बूच फिरवत, दाबत, हुं हुं करत बाटलीच्या तोंडात असं बसवलं की बाहेर नुसती व्हॉल्व्हची नळी आणि सुताचं एक लोंबतं टोक राहिलं. पंखांच्या मध्ये ते कुणाला दिसणारही नव्हतं. मग त्याने देवाचं नाव घेतलं आणि पुन्हा एकदा आवळलं.

दोन चाळींच्या मधल्या मोकळ्या जागेत मुलांचं क्रिकेट चालू होतं. दुर्गा बाटली घेऊन उतरली तशी बॅटी खाली पडल्या आणि पोरांनी कडं केलं. खिडक्याखिडक्यांतून डोकी बाहेर आली. पहिल्या मजल्यावरच्या खिडकीत कोंडीराम जॉबर येऊन उभा राहिला. साचेखात्यात शंभर माग एकदम खडखडत असताना माणसं हाकारायची सवय असलेला माणूस. गिरणी बंद झाली तरी आवाज तेवढाच राहिला होता.

"आरं दत्ताराम, चंद्रावर कवा पोचतंय?"

"आधी उडू तर दे, भाऊ!" दत्ताराम म्हणाला.

विटा रचून दुर्गाने बैठक केली, रॉकेट त्यात उभं केलं आणि नळी व्हॉल्व्हला जोडली. दत्तारामने पंपाची मूठ धरली, डोळे घट्ट मिटले आणि पहिला दट्ट्या मारला. फुस्. काहीच झालं नाही. त्याने एक डोळा उघडून बघितलं. बाटलीतल्या पाण्यात बुडबुडे चढत होते.

"बाबा, डोळे का मिटलेत?"

"दाबाचा अंदाज घेतोय. तो कानाने घ्यावा लागतो."

"बघितलंस?" एक पोरगा दुसऱ्याला म्हणाला. "फिटर आहेत ते."

दुसरा दट्ट्या, पाचवा, दहावा. बाटली टणक होत चालली. दुर्गा म्हणाली, "आता सुटेल हं!" वरून कोंडीराम ओरडला, "हाण! हाण!" आणि दत्तारामला पाणी प्यायला जायची संधीच मिळेना. दट्ट्या जड झाला. मग इतका जड झाला की त्याला त्यावर पोट टेकून सगळं वजन टाकावं लागलं. बूच ढिम्म हललं नाही. त्या क्षणी त्याच्या ध्यानात आलं की आपण काय करून ठेवलं आहे. आपला जोड. जन्मात न गळणारा.

बाटलीतून आवाज आला: कट्ट.

"मी जरा लांबून बघतो," दत्ताराम म्हणाला, आणि म्हणेपर्यंत तो पाण्याच्या मोठ्या पिंपाच्या मागे पोचलाही होता. चाळीत एक पळाला की बाकीचे आधी पळतात आणि कारण नंतर विचारतात. क्षणात जागा मोकळी झाली. पोरं जिन्याच्या तोंडाशी, बायका दारांआड, आणि मध्ये विटांवर एकटं रॉकेट आपला रबरी शेंडा वर करून उभं.

"बाबा, काय झालं?" दुर्गा पिंपामागे येऊन धापा टाकत म्हणाली.

"काही नाही. फिटर लोक असंच करतात. दाब चढला की लांब उभं राहून... निरीक्षण करतात."

"पण ते सुटत का नाही? सर म्हणाले होते, वीस-पंचवीस दट्ट्यांत सुटतं. तुम्ही तर साठ मारलेत!"

दत्तारामला खरं सांगायचं होतं. ओठांवर आलं होतं. पण दुर्गाने त्याच्याकडे अशा विश्वासाने पाहिलं की शब्द परत गिळले गेले. "हवामान," तो म्हणाला.

अर्धा तास गेला. रॉकेट हललं नाही आणि माणसंही हलली नाहीत. चाळीच्या दाराशी जाणारी वाट नेमकी रॉकेटच्या शेजारून होती, त्यामुळे आतले आत आणि बाहेरचे बाहेर अडकले. सुभद्राचे डबे न्यायला आलेला माणूस फाटकाशी सायकल धरून उभा होता. बाजारातून आलेली राधाकाकी बोंबलांची पाटी डोक्यावर घेऊन भिंतीला चिकटली होती.

"दगड मारून फोडा," कुणीतरी सुचवलं.

"फुटली तर तुकडे उडतील!" दत्ताराम पिंपामागून किंचाळला. "डोळे जातील लोकांचे! कुणी हात लावू नका! कुणी जोरात श्वाससुद्धा घेऊ नका!"

चाळ एकदम शांत झाली. दत्ताराम धुरीसारखा माणूस असं म्हणतो, म्हणजे प्रकरण खरंच भयंकर असलं पाहिजे. त्याची भीती अशी सगळ्यांत वाटली गेली, आणि वाटल्याने ती कमी न होता वाढली.

"संपावर गेलंय त्ये," कोंडीराम खिडकीतून म्हणाला. "मागण्या इचारा त्याच्या."

"मिटेल हो, भाऊ," दत्ताराम पिंपामागून म्हणाला.

"आपला तरी कुठं मिटला? कुणी मागं घेतला का अजून?" यावर दोन-चार जुने कामगार हसले, पण बेताने, हवा हलणार नाही असे.

तेवढ्यात भिंतीवरून एक कावळा उडाला आणि थेट रॉकेटच्या शेंड्यावर येऊन बसला. राधाकाकीने पाटी सावरत एक हात कपाळाला लावला.

"कावळो शिवलो! आता ता सुटतला."

"काकी, पिंड नाय ती," दुर्गा म्हणाली.

"गप गो. ज्येचो जीव अडाकलो त्येका कावळोच सोडयता." मग काकीने रॉकेटकडे बघून अगदी मायेने विचारलं, "बाबा रे, तुझी काय इच्छा रवली आसात तर सांग. आमी पुरी करतलंव."

आणि मग जे व्हायचं तेच झालं. एकाने सुरुवात केली की चाळीत दुसरा मागे राहत नाही. "दुर्गीला प्रदर्शनात पहिला नंबर मिळंल!" "तुला नवीन पंख लावू!" "दत्तारामला काम लागंल, काळजी करू नको!" कावळ्याने मान वाकडी करून सगळं ऐकून घेतलं आणि चेंडूवर चोच मारली. टक. टक. प्रत्येक टकीला दत्ताराम पिंपामागे एक वीत खाली बसत गेला. शेवटी कावळ्याला पाटीतले बोंबील दिसले आणि तो उडाला. त्याच्या पायाच्या धक्क्याने एक वीट सरकली, रॉकेट हळूच कललं, आणि त्याचा शेंडा कोंडीरामच्या खिडकीकडे रोखला गेला.

"आरं ए! हिकडं न्हाय, हिकडं न्हाय! आत टीव्ही हाय माझा! कलर!" कोंडीराम गरजला आणि पहिल्यांदाच त्याच्या आवाजात कंप होता. त्याने खिडकीतून कपडे वाळत घालायची लांब काठी बाहेर काढली आणि रॉकेटला दुसरीकडे ढकलायला सुरुवात केली.

"नको! भाऊ, नको!"

काठी पंखाला लागली. रॉकेट फिरलं आणि जिन्याच्या तोंडाकडे वळून थांबलं. तिथे उभी असलेली सगळी पोरं एकदम एकमेकांच्या मागे लपायला लागली. त्यामुळे कोणीच कोणाच्या मागे राहिना आणि रडारड सुरू झाली.

दुर्गाने बापाकडे पाहिलं, मग रॉकेटकडे. "रॉकेट माझं आहे," ती म्हणाली. "मी जाऊन सरळ करते." आणि ती पिंपामागून बाहेर पडली.

दत्तारामने तिचा फ्रॉक पकडला. हे त्याने केलं नाही, त्याच्या हाताने केलं. "थांब," तो म्हणाला. "मी जातो." आणि हे शब्द आपल्याच तोंडून बाहेर पडलेले ऐकून त्याला पालीपेक्षा, लिफ्टपेक्षा, आणि आयुष्यात ऐकलेल्या सगळ्या वाईट बातम्यांपेक्षा जास्त भीती वाटली.

"अहो, असे जाव नकात!" वरच्या खिडकीतून सुभद्रा ओरडली आणि तिने हाताला लागली ती पिठाची परात खाली टाकली. परातीच्या आवाजाने दत्ताराम पुन्हा एकदा दचकून उडाला. मग त्याने परात उचलली, छातीशी धरली आणि निघाला.

पिंपापासून रॉकेटपर्यंत पंधरा-वीस पावलं होती. दत्तारामला ती गावाहून मुंबईला आल्यासारखी लांब वाटली. परातीवर त्याचे दात वाजत होते, आणि लोकांना वाटलं तो काहीतरी मंत्र म्हणतोय. तो रॉकेटपाशी पोचला, वाकला, आणि त्याचे गुडघे जे मुडपले ते मुडपलेच. तो मटकन खाली बसला. आता पुढेही जाववेना, मागेही येववेना. नाकासमोर हवेने फुगलेली बाटली, आणि तिच्यासमोर बसून आपण हिचं लक्ष वेधून घेऊ नये एवढीच इच्छा.

"बघा, कसा शांत बसलाय," वरून कोंडीराम दबक्या आवाजात म्हणाला. "ह्याला म्हंत्यात काळीज. अभ्यास करतोय त्याचा."

दत्ताराम बसून राहिला. मग त्याच्या खांद्याला कुणीतरी चिकटून बसलं. दुर्गा.

"बाबा, काय करताय?"

"दुर्गे, मागं जा."

"नाय जाणार. काय झालं ते सांगा."

मग मात्र त्याचं सगळं सुटलं. "माझे पाय गेले आहेत," तो पुटपुटला. "मला भीती वाटतेय. सकाळपासून वाटतेय. तू म्हणालीस घट्ट नको, पण मी सूत गुंडाळलं. सफेदा लावला. हातात फुटेल म्हणून. मी कसला शूर गं. मला पालीचीसुद्धा भीती वाटते."

त्याने डोळे मिटून घेतले. दुर्गा आता काय म्हणेल याची भीती बाटलीच्या भीतीहून मोठी होती.

"मला पण," ती म्हणाली.

"काय?"

"मला पण भीती वाटते. पंप मारायची. म्हणून तर तुम्हाला सांगितलं." तिचा आवाज रडवेला झाला होता. "शाळेत सरांनी एक उडवून दाखवलं तेव्हा मी मुलींच्या मागे बाकाखाली गेले होते. मला वाटलं, बाबांना भीती वाटत नाही, तर ते करतील."

दत्तारामने डोळे उघडले. लेक त्याच्याइतकीच पांढरीफटक पडली होती, आणि तरी उठून त्याच्याजवळ येऊन बसली होती. त्याला एकदम तिची इतकी दया आली की भीतीला जागाच उरली नाही. म्हणजे उरली, पण थोडी बाजूला सरकली.

"सूत गुंडाळलंत ना?" दुर्गाने नाक पुसत विचारलं. "मग टोक कुठाय?"

"टोक?"

"सुताचं टोक! बाहेर असेल ना? ते ओढलं तर वेढे सुटतील, आणि बूच सैल होईल."

दत्तारामने पंखांच्या मधून वाकून पाहिलं. सफेद्याने माखलेलं, बोटभर लांबीचं टोक तिथे लोंबत होतं. सफेदा अजून ओलाच होता. वीस वर्षं त्याने फक्त वेढे घातले होते. घातलेला वेढा कधी काढावाही लागतो, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मग दोघांनी मिळून काम केलं. दत्तारामने बाटली दोन्ही हातांनी पोटाशी धरून सरळ उभी केली, म्हणजे डोळे मिटून आणि गावच्या देवाला 'रवळनाथा, रवळनाथा' अशी हाक मारत धरली. दुर्गाने विटा नीट बसवल्या, पंपाची नळी काढली आणि सुताच्या टोकाला कपडे वाळवायची दोरी बांधली. दोघंही दोरी सोडत, उलट्या पावलांनी, पिंपामागे आली. दत्तारामला दुर्गाने जवळजवळ ओढतच आणलं. लांबून बघणाऱ्यांना मात्र बापच लेकीला सांभाळून आणतोय असं वाटलं.

"मी एक-दोन-तीन म्हणते," दुर्गा म्हणाली.

"तीन म्हणू नकोस. तीनची मला भीती वाटते."

"मग दोनला ओढूया."

दोनला त्यांनी ओढलं. सुताचा एक वेढा सुटला, दुसरा सुटला, आणि मग इतका वेळ कोंडलेल्या हवेने सगळी चाळ हादरवून टाकली. फाड्कन पाणी खाली मारलं गेलं, विटा उधळल्या, चिखलाचा फवारा पिंपावर आणि पिंपामागच्या दोघांवर येऊन आदळला, आणि बाटली वर गेली. पहिला मजला, दुसरा, तिसरा, गच्ची, आणि गच्चीच्याही वर, उन्हात चकाकत, सरळ. कोलांटी नाही की डुलणं नाही. डबेवाला सायकल टाकून टाळ्या पिटू लागला. राधाकाकी म्हणाली, "गेलो बिचारो. मोकळो झालो." वर कुठेतरी क्षणभर थांबून रॉकेट कललं आणि चाळीमागच्या उंच माडाच्या शेंड्यात जाऊन अडकलं.

लोक धावत आले. पोरांनी दत्तारामला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला, तो निसटत होता कारण चिखलाने माखला होता. कोंडीराम जिना उतरून आला आणि त्याने दत्तारामला मिठीच मारली.

"वाघ हाय वाघ! बाटलीला मिठी मारून बसला, म्या सोता बघितलं! आसा मानूस गिरणीत न्हाय जन्मला दुसरा." मग त्याने वर माडाकडे बघितलं. "आता त्येवढं काढ की वरनं. तू कोकणातला. माडावर चढणं म्हंजी तुला जिना."

"हां, चढा, चढा!" सगळे ओरडले. कुणीतरी दोरीही आणली.

दत्तारामने माडाकडे मान वर केली. आयुष्यात तो कधी माडावर चढला नव्हता; गावी माडाखालून जातानाही तो डोक्यावर हात धरायचा. शेंडा वाऱ्याने डुलत होता. त्याने दुर्गाकडे पाहिलं. आता तिला सगळं माहीत होतं. तिच्या तोंडून एक वाक्य गेलं असतं, तर चाळीला हसायला वर्षभर पुरलं असतं, आणि खरं सांगायचं तर ते वाक्य बोलण्याचा तिला हक्कही होता.

दुर्गा पुढे आली. "बाबा चढणार नाहीत," ती मोठ्याने म्हणाली.

दत्तारामचा हात पुन्हा तिच्या फ्रॉककडे गेला.

"एवढा दाब चढलेली बाटली परत वापरायची नसते. आतून तडा गेलेला असतो. सर म्हणालेत," तिने ठणकावून सांगितलं. सर असं काही म्हणाले नव्हते. "बाबांना आता दुसरं रॉकेट करायचंय. तुम्ही त्यांचा वेळ घेऊ नका. बाबा, वर चला."

"सायन्स हाय बाबा," कोंडीराम मान हलवत म्हणाला. "त्यात आपलं काय चालत न्हाय." आणि गर्दीने आदराने वाट करून दिली.

जिन्यात अंधार आणि गारवा होता. दोघांच्या कपड्यांतून पाणी ठिबकत होतं. दत्तारामला लाज वाटत होती आणि त्याच वेळी पुष्कळ वर्षांनी खांद्यावरून काहीतरी उतरवून ठेवल्यासारखं हलकंही वाटत होतं.

"दुर्गे," तो शेवटी म्हणाला, "आता प्रदर्शनात काय करायचं? पंप मारायला तर कुणीतरी लागणार."

"मी मारणार." दुर्गाने वळून पाहिलंही नाही. "तुम्ही फक्त माझ्या मागे उभे राहा आणि दोघांच्या वाटचं घाबरा. दोन्ही कामं मला एकटीला नाय जमणार."

प्रदर्शनाच्या दिवशी दत्ताराम लेकीच्या मागे उभा राहिला, आणि त्याने आपलं काम अगदी चोख केलं.